मधल्या तोटीचं पाणी

कांदिवली
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

लहू,

वर ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. आठ वर्षं तोंड न दाखवता एकदम प्रिय म्हणायचं, हे काही बरं दिसत नाही. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं असतं तर तू शिवी हासडली असतीस. म्हणून नुसतं लहू.

आधी फोन केला होता. सरूवहिनींनी उचलला, मी नाव सांगितलं, त्यांनी ठेवला. दुसऱ्यांदा निशाने घेतला. म्हणाली, “काका, बाबा फोनवर येणार नाहीत. काय असेल ते लिहून पाठवा, मी वाचून दाखवीन. ऐकायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.” तोंडावर बोलायची रीत अगदी तुझीच. तेव्हा निशा, हे तू वाचते आहेस ते मला ठाऊक आहे. मध्ये काही नको ते आलं तरी गाळू नकोस, बये.

बातमी अशी की मी तुझ्या गावच्या विहिरीवर काम करतो. हस हवं तर. जो माणूस वीस वर्षं दहिसरच्या गाळ्यात फोरमन म्हणून नळाच्या तोट्यांना आणि स्टीलच्या खुर्च्यांना क्रोम चढवून घेत होता, तो आता साठीनंतर रोज सकाळी कांदिवलीहून बस पकडून कोळीवाड्यात पाणी गाळायला जातो. गुडघे कुरकुरतात. वनमाला म्हणते, घरातलं पिंप भरायला हे कधी उठले नाहीत.

झालं काय, दोन वर्षांमागे प्रांजल नावाची एक मुलगी विहिरी तपासत फिरत होती. अंधेरीच्या एका कॉलेजात पीएचडी करते. देवळामागच्या तुमच्या विहिरीत तिला एक रसायन सापडलं. रंग नाही, वास नाही, चव नाही. तुरटी फिरवून जात नाही, उकळून तर अजिबात जात नाही. पाणी आटतं आणि ते मात्र तेवढंच राहतं. गावातल्या बायका पोरांसाठी वीस-वीस मिनिटं पाणी उकळत होत्या, त्यांना हे सांगताना ती रडकुंडीला आली होती. पोटात गेलं की वर्षानुवर्षं रक्तात राहतं आणि मातीत तर आपल्या नातवंडांची नातवंडं गेली तरी राहील, असं ती म्हणते. त्याचं इंग्रजी नाव हातभर लांब आहे. आपण त्याला फेसाचं औषध म्हणायचो.

कॉलेजने विहिरीवर फिल्टर बसवला. दोन निळ्या टाक्या, एकीतून दुसरीत पाणी जातं, दोन्हींत करवंटीचा कोळसा भरलेला. ते रसायन कोळशाला चिकटतं. तोट्या तीन : विहिरीची, दोन टाक्यांच्या मधली, आणि शेवटची, प्यायची. चालवायला माणूस हवा होता. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह यांत माझं आयुष्य गेलेलं, म्हणून मी हात वर केला. गावात नळ आहे, पण पाणी तासभर आणि करंगळीएवढी धार, हे तुला सांगायला नको. विहीर सुटत नाही.

नमुना घ्यायचे नियम ऐक. रेनकोट घालून जायचं नाही, हाताला क्रीम नको, तोटीला ती पांढरी टेप गुंडाळायची नाही, कारण त्या सगळ्यात याच रसायनाचे भाऊबंद असतात. पहिल्या दिवशी मी सवयीने तीन वेढे टेप गुंडाळून बसलो होतो. प्रांजलने कपाळाला हात लावला.

तब्येत कशी आहे तुझी? नाकाचं कसं आहे?

दत्ताराम


कांदिवली
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

लहू,

उत्तर येणार नव्हतंच. मी आपला लिहितो.

मधल्या तोटीचा रिपोर्ट आला. तिच्यात रसायन दिसायला लागलं, म्हणजे पहिली टाकी भरली. आता तिच्यातला कोळसा काही धरत नाही, सगळा भार दुसऱ्या टाकीवर आहे. ती आहे तोवर प्यायचं पाणी ठीक, पण ती काही जन्माला पुरायची नाही. गंमत अशी की पहिल्या टाकीचं पाणी अजून गोड लागतं. मी चाखून बघितलं. स्वच्छ, थंड, लहानपणी मालवणात प्यायचो तसं. कोळसा मेला तरी चवीचं काम करत राहतो. जे धरायला ठेवलंय तेवढंच सोडून देतो.

हे मी शिवदास पाटलाला सांगायला गेलो. आता पंचांत तोच मोठा आहे. तो होडीला रंग देत होता. म्हणाला, “आमचा पानी गोड हाय. तू कनाला घाबरवतंस?” मी म्हटलं, पाटील, जिभेला कळत नाही हे. तो म्हणाला, “लहूनं एक दिवस घाण सोडली, त्याला आठ वर्सं झाली. फेस गेला, विषय संपला.”

विषय संपला म्हणे. फेब्रुवारीत कॉलेजचा प्रकल्प संपतो. पुढे फिल्टर चालू ठेवायचा तर पंचांनी तसं लिहून द्यायला हवं आणि कॉलेजलाही वरच्यांना पटवावं लागेल की गरज आहे. एका दिवसाची घाण असेल तर दोन वर्षं पुष्कळ झाली, बंद करा, असं दोन्हीकडे चाललंय. बंद झालं की सगळी परत विहिरीला बादली लावणार. पाटलाच्या सुनेला गेल्या महिन्यात मुलगी झाली. तिला बाटलीचं दूध लावलंय.

औषध आणलं मीच. तुला आठवत असेल, शेठ नको म्हणत होता. क्रोमच्या टाकीवर पिवळी वाफ यायची आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे रुमाल लाल. तुझा तर नाकाच्या मधला पडदाच गेला. तू आगपेटीची काडी एका नाकपुडीतून घालून दुसरीतून काढायचास आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदा सरूवहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते बघितलं. डबा ठेवला आणि निघून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात मी मुलुंडला जाऊन ते औषध घेऊन आलो. कॅनमधून बुचभर ओतलं की टाकीवर सायीसारखा फेस धरायचा आणि वाफ खालीच राहायची. महिन्याभरात रुमाल पांढरे झाले. तू मला खांद्यावर उचलून गाळाभर फिरवलं होतंस.

त्या औषधाला आज मी वाईट म्हणू का? मला अजून ठरवता येत नाही. दमलोय विचार करून.

पंच गाळ्यावर आले त्या दिवशी मी त्यांना खोटं काही सांगितलं नव्हतं. पाळी तुझीच होती.

दत्ताराम


कांदिवली
रविवार, १४ डिसेंबर २०२५

लहू,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य निशाने वाचलं असेल तेव्हा तू काय म्हणाला असशील, ते मला इथे बसून ऐकू येतं. खरं आहे. त्या वाक्यातही मी तेच केलं, जे तेव्हा केलं होतं.

आता काय झालं ते सांगतो. पहिल्या टाकीतला थोडा कोळसा प्रांजलला तपासायला हवा होता. मी पाव किलो पिशवीत भरून घरी आणला, सोमवारी अंधेरीला नेऊन द्यायचा म्हणून. सहा तारखेला, शनिवारी सकाळी बघतो तर वनमाला मोरीत उभी, दात काळेकुट्ट. ओट्यावर पिशवी उघडी, बाजूला खलबत्ता, मीठ, लवंगा. बाईने राखुंडी करून ठेवली होती! कोकणातली बाई, करवंटीचा कोळसा बघितला की तिचा जीव कसा राहणार. म्हणते, “ह्यो करवंटीचोच कोळसो मा? फुकट गेलो असतो. माझी आये अशीच करी.” दोन दिवस घासत होती.

मी ओरडलो, थुंक आधी. चुळा भर. तिला कळेना. एवढं काय आकांडतांडव करायचं कोळशासाठी! मी म्हटलं, कोरा असता तर खुशाल घास, हा विहिरीतलं विष पिऊन बसलेला कोळसा आहे. ती म्हणाली, एका दिवसाच्या घाणीचं असं कितीसं विष असणार?

लहू, मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. तिने चुळा भरत भरत ऐकलं. मग तोंड पुसून म्हणाली, “आठ वर्सां ह्या पोटात ठेवलास? आणि लहूभावजी थंय अर्नाळ्याक जावन ऱ्हवले? माका कित्याक सांगतास? थंय गावात जावन सांगा.” त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरकडे नेलं, तिथेही माझ्याकडे पाठ करून बसली. दोन चिमटींनी काही होणार नाही म्हणाले.

सोमवारी प्रांजलने पिशवी घेतली आणि विचारलं, “काका, एका दिवसाची गळती असती तर आकडे उतरायला हवे होते. ते जिथल्या तिथे आहेत. नाल्याकडच्या मातीत खूप साठा असणार. तुम्ही त्या गाळ्यात होतात ना? तुम्हाला काही माहीत आहे?” मी म्हटलं, बघतो. साठ वर्षांचा घोडा पोरीला म्हणतो, बघतो.

तेव्हा आता तुला सांगतो, तुला माहीत असलेलंच. निशाला माहीत नसेल. निशा, सावकाश वाच.

औषधाने वाफ गेली, पण फेस माल धुतलेल्या पाण्यातून शुद्धीकरणाच्या टाकीत उतरायला लागला. ती उतू जायची, गल्लीत फेस, शेजारचे गाळेवाले भांडायला. म्हणून मी एक पाइप काढला, टाकीला वळसा घालून थेट नाल्यात. शेठने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. २०११ पासून सहा वर्षं, रोज, थोडं थोडं. नाला तुमच्या विहिरीपासून वीस पावलांवर आहे हे मला माहीत होतं. पाण्याबरोबर वाहून जाईल, समुद्र मोठा आहे, असं वाटायचं. वाटायचं कसलं, वाटून घ्यायचो. ह्यातलं तुला अर्धंच ठाऊक होतं. पाइप जास्त झालेल्या पाण्यासाठी आहे असं मी तुला सांगितलं होतं.

आणि नारळी पौर्णिमेचा तो दिवस. पाळी तुझी, पण सणासाठी तू सुट्टी घेतली होतीस. मीच म्हटलं, दोन तास येऊन धुण्याची टाकी त्या पाइपने रिकामी करून जा, उद्या माल द्यायचाय. तू आलास, नवा सदरा घालून. व्हॉल्व्हवर हात ठेवलास आणि म्हणालास, “आज नको रे. दुपारला भरती हाय, समदा वर येल. गाव खाडीवर असंल.” मी म्हटलं, “उघड, मी आहे ना.”

तू उघडलास.

दुपारी भरतीबरोबर फेस उलटा आला. सोन्याचा नारळ घेऊन माणसं उभी होती, त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत. पंच गाळ्यावर आले, कोणी सोडलं विचारलं. मी म्हटलं, “लहूची पाळी होती.” तू माझ्याकडे बघितलंस. पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून तू थांबला होतास. मी रजिस्टर चाळत राहिलो.

वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही, कायदा आहे ना. नुसतं तुझ्या होडीला हात लावायला कुणी येईना आणि बाजारात वहिनींच्या पाटीशेजारी कुणी पाटी मांडेना. सहा महिन्यांत तुम्ही अर्नाळ्याला निशाकडे गेलात. टेम्पोत सामान चढवताना मी नाक्यापर्यंत आलो होतो. पुढे आलो नाही.

मला माफ कर, असं लिहीत नाही. ते मागायला मी तिथे यायला हवं, आणि तू दार उघडायला हवं.

दत्ताराम


कांदिवली
रविवार, ४ जानेवारी २०२६

लहू,

सांगितलं.

काल देवळात पंच बसले होते, फिल्टरचं काय करायचं ते ठरवायला. प्रांजल आली होती, नकाशा घेऊन. तिने सगळं नीट समजावलं. शिवदास म्हणाला, पोरी, तू शिकलेली हायस, पण एक दिवसाची घाण आठ वर्सं कशी राहील? बाकीच्यांनी माना डोलावल्या. विषय मिटत आला होता. चहा आला.

मी उभा राहिलो. भाषण पाठ केलं होतं, वनमालेसमोर दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. सगळं विसरलो. म्हटलं, एक दिवस नाही, सहा वर्षं. लहूने नाही, मी. त्या दिवशी लहू नको म्हणत होता, उघड म्हणणारा मी.

कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एक म्हातारी मागून म्हणाली, “आणि आमी त्याच्या घरचा हळदीकुंकू टाकला.” प्रांजल माझ्याकडे बघत नव्हती, वहीत काहीतरी लिहीत होती. तिने सहा वर्षांचा हिशेब मागितला, रोज किती बुचं, किती पाणी, पाइप कुठून कुठे. फोरमनला हे आकडे तोंडपाठ असतात. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. त्या आकड्यांवर आता कॉलेज पुढची मंजुरी मागणार आहे. नाल्याकाठची मातीही खोदून तपासणार, आणखी दोन विहिरी बघणार. पंचांनी फिल्टर चालू ठेवायचं लिहून दिलं. शिवदासची सही कागदाच्या अर्ध्यावर गेली.

मग त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, हात मिळवतोय की काय. चावी मागत होता, फिल्टरच्या खोलीची. दिली. त्याने ती मुठीत धरली आणि म्हणाला, “तुझा पाय आता गावात नको.” मी हो म्हटलं. दारापर्यंत गेलो तर मागून हाक मारली आणि चावी परत माझ्या हातात ठेवली. “ही लहूला पाठव. त्याचा नाव तू घालवलास, आता चावी बी तूच पाठव. त्याला सांग, त्याच्या घराची कौलं आमी लावून देऊ. यायचा का नाय ते त्याचा तो बघंल.”

पोलिसांचं काय ते होईल. प्रांजलने तिच्या सरांना सांगितलंय, ते पुढे कळवणार. मी तयार आहे. बॅगेत गुडघ्याचं मलम टाकून ठेवलंय.

चावी या पत्रात आतून चिकटपट्टीने लावली आहे; तोवर कॉलेजकडच्या दुसऱ्या चावीने प्रांजल चालवील. पाकीट फाडताना जपून.

एवढं मोठं ओझं उतरलं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही, फक्त झोप आली. घरी येऊन सहा तास मेल्यासारखा झोपलो. उठलो तेव्हा वनमालेने पेज करून ठेवली होती, आणि ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलली.

दत्ताराम


कांदिवली
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

लहू,

काल निशाचा मेसेज आला. मी चष्मा लावून चार वेळा वाचला. “बाबा विचारतात, मधल्या तोटीचा रिपोर्ट यायला किती दिवस लागतात, आणि तोवर कुठलं पाणी प्यायचं.”

बाकी काही नाही. बाकी काही लिहायचं नव्हतंच, ते मला समजलं. विचारलंस तेवढ्याचं उत्तर देतो.

रिपोर्टला दीड महिना लागतो. म्हणून रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. पंपाजवळ मीटर आहे. रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा. भिंतीवर खडूने मी एक आकडा लिहून ठेवलाय, मीटर तिथे पोचला की मधल्या तोटीत काही येवो न येवो, पहिली टाकी बदलायची. दुसरी टाकी पहिलीच्या जागी आणायची आणि नवा कोळसा भरलेली तिच्या मागे लावायची. नवा कोळसा मागच्या आठवड्यात आलाय म्हणे, तेव्हा आत्ताची मेलेली पहिली टाकी आधी बदलायची. प्यायचं पाणी नेहमी शेवटच्या तोटीचं. लहान पोरांच्या दुधाला तर दुसरं कुठलंच नको, उकळलेलंही नको.

जुना कोळसा गोणीत बांधून, शिवून ठेवायचा. मोठ्या भट्टीत जाळायला गाडी येते, तिच्याच हवाली करायचा. कुणी झाडांना मागेल, कुणी इस्त्रीला मागेल. राखुंडीला मागणारी एक बाई मला माहीत आहे.

पाणी चाखून बघू नको. गोड लागणारच. आपल्या जिभेवर आणि फोरमनच्या शब्दावर ह्या कामात विश्वास ठेवायचा नसतो.

हे किती वर्षं करायचं, असं शिवदासने प्रांजलला विचारलं होतं. ती म्हणाली, माती साफ झाली तरी वीस-पंचवीस. मी तोवर नसेन. तूही बहुतेक नसशील. तेव्हा वहीत अक्षर चांगलं काढ, किंवा निशाला काढायला सांग. पुढच्याला वाचता यायला हवं.

टाकी बदलताना मधला व्हॉल्व्ह जड जातो. मोठा पाना दाराच्या मागे टांगलाय. डावीकडे फिरवायचा, हळू, पाव फेरा, मग थांबायचं. आणि एक सांगतो. तुझा हात व्हॉल्व्हवर असताना मागून कुणी “उघड, मी आहे ना” म्हणालं, तर पाना खाली ठेव आणि आधी वही बघ.

दत्ताराम